बॅटरीवरचा आळ

सकाळी सेल्फ मारला आणि इंजिन झटक्यात न उठता ‘घुं… घुं… घुं’ करत रखडलं, की निकाल लागलेला असतो: बॅटरी गेली. वॉचमन तेच सांगतो, शेजारच्या विंगमधले काका तेच सांगतात आणि फोन केल्यावर तासाभरात स्कूटरवर नवी बॅटरी घेऊन हजर होणारा मुलगाही तेच सांगतो. ऐरोलीपासून पनवेलपर्यंत पंधरा-वीस वर्षांच्या जुन्या गाड्या सांभाळणारे हजारो लोक आहेत. त्यांचे या एका वाक्यापायी दर वेळी चार-पाच हजार रुपये जातात, आणि अनेकदा महिना-दोन महिन्यांत गाडी पुन्हा तशीच रखडते.

हे निदान मला मान्य नाही आणि ज्या पद्धतीने ते केलं जातं ती पद्धत तर अजिबात मान्य नाही. सेल्फ जड फिरण्यामागे बॅटरी असू शकते, तिच्या तारा असू शकतात, इंजिनाची अर्थिंग असू शकते, खुद्द सेल्फ असू शकतो, क्वचित इंजिनच जड झालेलं असतं. यातलं नेमकं कोण, हे सेल्फ फिरत असताना तपासल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही. वीस वर्षं धंद्यात मुरलेल्या माणसालाही नाही. न मोजता बॅटरी विकली जाते तेव्हा गिऱ्हाइकाला अंदाज विकला जातो आणि किंमत मात्र खात्रीची घेतली जाते.

समोरच्यांची बाजू आधी नीट मांडायला हवी, कारण ती दुबळी नाही. बॅटरीवाले म्हणतात: आपल्या हवेत बॅटरी तीन-चार वर्षं टिकली तरी पुष्कळ. जुन्या गाडीच्या मालकाला बॅटरी कधी टाकली तेही आठवत नाही. सेल्फ जड झालेल्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा बॅटरीच संपलेली निघते. बदलायला दहा मिनिटं लागतात, वॉरंटी मिळते, माणूस कामावर जातो. मग मीटर लावत बसायचं कशाला? यातलं बरंचसं खरं आहे. या सर्किटमध्ये सर्वांत लवकर झिजणारा भाग बॅटरीच आहे, हे मीही मानतो. पण ‘बहुतेक वेळा’ हे या गाडीबद्दल, आज सकाळी, काहीही सांगत नाही. आणि ‘बहुतेक वेळा’ हा अनुभव तरी कसा जमा झाला, हे तपासलं की त्यातली बरीच हवा निघून जाते.

बॅटरीवाला नवी बॅटरी बसवतो तेव्हा नेमकं काय काय करतो ते बघा. जुने टर्मिनल सोडवतो. त्यांच्यावर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुतो, पॉलिश पेपरने क्लॅम्प आतून घासतो, नव्या बॅटरीच्या स्वच्छ शिशाच्या खुंटीवर तो क्लॅम्प बसवतो, बोल्ट आवळतो, वरून पेट्रोलियम जेली लावतो. म्हणजे त्याने एकाच वेळी दोन दुरुस्त्या केल्या: बॅटरी बदलली आणि दोन सांधे साफ करून आवळले. त्यानंतर सेल्फ झपाट्याने फिरला तर श्रेय कुणाचं? सांधा खराब होता की बॅटरी, हे आता कधीच कळणार नाही, कारण जुनी बॅटरी स्कूटरवर बसून गेलेली असते. अशा शंभर गाड्यांचा अनुभव गाठीशी असला तरी तो एकाही गोष्टीचा पुरावा होत नाही. जुनीच बॅटरी त्याच साफ केलेल्या टर्मिनलांवर परत बसवून एकदा सेल्फ मारून पाहिला असता, तर तो पुरावा झाला असता. हे करायला दोन मिनिटं लागतात. करताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

दुसरा पुरावा नेहमी पुढे केला जातो तो जंपर केबलचा. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप दिला, इंजिन पटकन चालू झालं, म्हणजे आपली बॅटरी मेली हे सिद्ध झालं. नाही झालं. जंप देण्याची योग्य पद्धत अशी की शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला लावायचा, म्हणजे ठिणगी बॅटरीपासून लांब पडते. ही पद्धत पाळली की काय होतं? बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनापर्यंत येणारी जी गंजकी अर्थ पट्टी होती, तिला वळसा घालून एक नवी, जाड तांब्याची वाट तयार होते. सेल्फ जोरात फिरला तो कदाचित त्या वाटेमुळे. बॅटरी निर्दोष होती, दोष पट्टीत होता, आणि जंपने तो दोष झाकून बॅटरीला दोषी ठरवलं. मदत करणाऱ्या शेजाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्याच्या केबलने दिलेली साक्ष खोटी निघू शकते.

तिसरा युक्तिवाद याच्या उलट बाजूचा आहे आणि तितकाच चुकीचा: हेडलाइट लख्ख लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरीही ठीक आणि वायरिंगही ठीक, तेव्हा सेल्फ काढून द्या. इथे आकड्यांशिवाय बोलण्यात अर्थ नाही. जुन्या गाडीचे दोन्ही हेडलाइट ५५ वॅटचे, मिळून ११० वॅट. १२ व्होल्टवर ते ९ अँपिअरच्या आसपास ओढतात. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना १०० ते १५० अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त, आणि फिरायला लागण्याच्या पहिल्या क्षणी तर याच्या कितीतरी पट. आता एखाद्या सांध्यात फक्त ०.०१ ओहमचा अडथळा आहे असं धरा. हेडलाइटच्या ९ अँपिअरला तिथे ०.०९ व्होल्ट पडतात. प्रकाशात फरक दिसणारसुद्धा नाही. सेल्फच्या १५० अँपिअरला त्याच सांध्यात दीड व्होल्ट पडतात. पूर्ण भरलेल्या चांगल्या बॅटरीचं व्होल्टेज स्थिर असताना १२.६ असतं, सेल्फ मारताना ते साडेदहाच्या घरात येतं, आणि त्यातून आणखी दीड गेले की सेल्फच्या वाट्याला ९ उरतात. सेल्फ रखडतो. त्या सांध्यात मात्र सव्वादोनशे वॅटची उष्णता तयार होत असते. म्हणूनच जुने वायरमन दोन-चार वेळा सेल्फ मारून झाला की जपून बोट लावत टर्मिनल चाचपून बघायचे. जो सांधा गरम, तो चोर.

तोच सांधा मल्टिमीटरच्या ओहमवर किंवा ‘बीप’वर तपासला तर निर्दोष सुटतो. साध्या मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच अडथळा ०.०१ ओहमच्या कितीतरी पट असतो; एवढा लहान दोष त्याला दिसणार कसा? ‘सर, वायरिंग चेक केलं, कंटिन्युइटी ओके आहे’ हे वाक्य सेल्फच्या जाड तारांबाबत निरर्थक आहे. सात पदरांपैकी सहा तुटले आणि एक शिल्लक राहिला तरी मीटर बीपच देणार.

मोजायचं ते व्होल्टेज, आणि मोजायचं ते भार असताना. नेरूळमधल्या एका सोसायटीतल्या सतरा-अठरा वर्षांच्या पेट्रोल हॅचबॅकचं उदाहरण देतो. तिच्यात वर्षभरात दोनदा नवी बॅटरी पडली होती आणि तरी ती रखडत होती. मालक निवृत्त गृहस्थ, गाडी जपणारे. तिसऱ्या बॅटरीच्या तयारीत होते. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू होऊ नये म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला. मीटरच्या दोन्ही टोकांनी थेट बॅटरीच्या खुंट्या धरल्या; खुंट्या, क्लॅम्प नव्हे, कारण क्लॅम्प आणि खुंटी यांच्यातला सांधाही संशयितांपैकीच. स्थिर व्होल्टेज १२.६. पाच सेकंद सेल्फ मारला: ११.१. इथेच विषय संपायला हवा होता. सेल्फ जड फिरतोय आणि बॅटरीचं व्होल्टेज ११ च्या वर टिकून आहे, याचा अर्थ बॅटरीकडून मागितलं जाणारं सगळं ती देते आहे. मागणीच वाटेत अडते आहे. मग एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर, पुन्हा सेल्फ: ०.२ व्होल्ट. ठीक. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. मग एक टोक निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं सेल्फच्या धातूच्या अंगावर: २.३ व्होल्ट. जिथे ०.२ च्या आत असायला हवं तिथे २.३. म्हणजे ११.१ पैकी सेल्फला मिळत होते ८.६.

शोध घेतला तेव्हा बॉडीपासून गिअरबॉक्सला येणारी विणलेली अर्थ पट्टी सापडली. वरून पाहिली तर जागेवर, बोल्ट आवळलेला. बोल्ट सोडवल्यावर पट्टीच्या टोकाच्या लगखाली बॉडीचा रंग दिसला. मागे कधीतरी डेंटिंग-पेंटिंग झालं तेव्हा त्या जागी रंग मारून वरून पट्टी बसवलेली होती. संपर्क होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून, आणि ते आटे गंजलेले. पट्टीची तार हातात चुरगळत होती, आत हिरवी पूड. जागा खरवडली, नवी पट्टी टाकली, पुन्हा मोजलं: अर्थच्या बाजूला ०.१, पॉझिटिव्हला ०.३, सेल्फला १०.२, आणि बॅटरीच्या खुंट्यांवर १०.६. हा शेवटचा आकडा लक्षात घ्या. दुरुस्तीनंतर सेल्फ झपाट्याने फिरू लागला आणि बॅटरीचं व्होल्टेज उलट आधीपेक्षा जास्त खाली उतरलं, कारण आता करंट मोकळेपणाने वाहत होता. जो फक्त बॅटरीवर मीटर लावतो आणि आकडा कमी दिसला की ‘बॅटरी वीक’ म्हणतो, त्याने दुरुस्त गाडीला आजारी आणि आजारी गाडीला धडधाकट म्हटलं असतं.

या गाडीत आणखी एक खूण होती, ती सांगतो कारण ती मीटरशिवाय दिसते. ॲक्सिलरेटरची केबल जड झाली होती आणि तिच्या वेष्टनाचा एका ठिकाणी रंग बदलला होता. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. अर्थ पट्टी निकामी झाली की करंट बॉडीकडे परतायला मिळेल ती धातूची वाट धरतो, मग ती ॲक्सिलरेटर केबल असो की गिअरची. केबल तापते, आतून जळते. मालकाने ती केबलही मधल्या काळात एकदा बदलली होती. कुणीही दोन गोष्टींचा संबंध जोडला नाही.

अशा पट्ट्या नवी मुंबईत जास्त सापडतात, आणि त्यात नवल काही नाही. सिडकोने १९७० नंतर वसवलेलं हे शहर एका अंगाला ठाण्याची खाडी आणि दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर यांच्या मधल्या पट्टीत आहे. खारफुटी आणि चिखलाच्या कडेला सोसायट्या, चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि उरलेले आठ महिने खाडीवरून येणारी दमट खारी हवा. बॅटरीच्या टर्मिनलवर शिसं, तांबं आणि लोखंड एकमेकांना चिकटून असतात. त्यांच्यात खारट ओल शिरली की गंजायला वेगळं निमित्त लागत नाही. त्यातून स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, पावसाचं पाणी साचलं, गाडीचा खालचा भाग दोन दिवस ओला राहिला, की इंजिनाखालची पट्टी, जी कुणी कधी बघत नाही, ती आधी जाते. जाड तारेचं वेष्टन बाहेरून नव्यासारखं असतं आणि लगजवळ चाकूने चिरून पाहिलं तर आतलं तांबं काळं पडलेलं असतं.

असं असताना इथले लोक डिसेंबर-जानेवारीत सेल्फ जड झाला की ‘थंडीमुळे’ म्हणतात, ते मला खरोखर कळत नाही. हे कारण थंड मुलुखातल्या गाड्यांचं आहे. बॅटरीवर जो सीसीए आकडा छापलेला असतो, तो उणे १८ अंश सेल्सिअसला ती तीस सेकंद किती करंट देईल याचा आकडा आहे. नवी मुंबईच्या गार पहाटेला आणि उणे अठराला एकाच कारणात कोंबता येत नाही. आपल्याकडे बॅटरीला मारते ती गरमी. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की शिसे-ॲसिड बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. मे महिन्यात बॉनेटखाली जे नुकसान होतं ते डिसेंबरात उघड होतं, आणि दोष थंडीवर जातो.

म्हणजे बॅटरी दोषी असतेच, मान्य. पण ती दोषी ठरली तरी प्रश्न उरतो की ती मेली कशाने, आणि न विचारता नवी टाकली तर तीही त्याच वाटेने जाते. इथे एक समज खोडून काढायला हवा. ‘गाडी जवळच्या जवळ चालवता, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते.’ हिशोब करा: १५० अँपिअर दोन सेकंद, म्हणजे अँपिअर-तासाच्या दहाव्या भागाहूनही कमी. अल्टरनेटर चांगला असेल तर ते काही मिनिटांत भरून निघतं. खरा खर्च गाडी उभी असताना होतो. इथला नोकरदार सोमवार ते शुक्रवार हार्बर लाइनने जातो आणि गाडी स्टिल्टमध्ये उभी राहते. जुन्या गाडीत मागाहून बसवलेलं सेंट्रल लॉकिंग, सायरन, स्टिरिओ, कधी ट्रॅकर. सगळं बंद असतानाही हे मिळून ५० मिलिअँपिअर ओढत असेल, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास आणि पंधरवड्याला १८. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, अर्धी संपली. अशी अर्धवट उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट होतं आणि मग ती पूर्ण चार्ज घेतच नाही. निगेटिव्ह तार सोडवून मधे मिलिअँपिअरवर मीटर लावला, दारं बंद करून अर्धा तास थांबलं, की हा चोर सापडतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतात का, हे बघायला तर एक मिनिटही लागत नाही. हे दोन आकडे न घेता नवी बॅटरी बसवणारा माणूस गिऱ्हाइकाला पुढच्या बॅटरीची तारीखच देऊन जातो.

आता कुणी म्हणेल, दुकानात आता मशीन आलंय, ते चिठ्ठी छापून देतं: ‘रिप्लेस बॅटरी’. त्या मशीनला मी कमी लेखत नाही. प्लेटांची वाहकता मोजून ते बराच नेमका अंदाज देतं. पण ते बॅटरीचं मशीन आहे. तार, पट्टी आणि सेल्फ यांच्याबद्दल त्याला काही विचारलेलंच नसतं. त्याचे चिमटे बुरशी आलेल्या क्लॅम्पवर लावले तर बुरशीचा अडथळाही ते बॅटरीच्या खात्यात टाकतं. आणि उतरलेली बॅटरी चार्ज न करता तपासली तर चिठ्ठीवर विश्वास ठेवता येत नाही. आधी रात्रभर चार्ज, मग चाचणी, हा साधा क्रम आहे. पाणी घालायच्या बॅटऱ्या होत्या तेव्हा वायरमन हायड्रोमीटरने सहाही कप्प्यांची ग्रॅव्हिटी बघायचा. पाच कप्पे १.२५ च्या आसपास आणि एक १.१५, म्हणजे एक सेल मेला, विषय मिटला. त्यात वादाला जागा नव्हती. सीलबंद बॅटरीने ती सोय काढून घेतली, म्हणून तर भारावरची चाचणी आता जास्त गरजेची झाली आहे.

राहिला सेल्फ. सकाळी थंड असताना गाडी झकास उठते, पण वाशीच्या एपीएमसीत भाजी घेऊन अर्ध्या तासाने परत आलात की गरम इंजिनावर सेल्फ ओढतच नाही, ही तक्रार घेऊन आलेल्याला बॅटरी विकणं म्हणजे अन्याय आहे. गरम झाल्यावरच जड होणं हे सेल्फचं किंवा इग्निशनच्या टायमिंगचं लक्षण आहे. सेल्फचे बुश झिजले की आर्मेचर एका बाजूला झुकून पोलांना घासतं. गरम झाल्यावर जास्तच. तांब्याचा अडथळाही दर अंशाला ०.४ टक्क्यांच्या आसपास वाढतो, म्हणजे पन्नास अंश तापलं की वीस टक्के. डिस्ट्रिब्युटरवाल्या जुन्या गाडीत टायमिंग जास्त पुढे ठेवलं असेल तर पिस्टन वर येण्याआधीच स्फोट होऊन सेल्फला उलटा झटका बसतो. आणि दोष सेल्फमध्ये आहे की सेल्फच्या वाटेत, हे क्लॅम्प मीटर सांगतं. सेल्फ हळू फिरतोय आणि करंट नेहमीपेक्षा जास्त आहे: सेल्फ घासतोय, आतून शॉर्ट आहे, किंवा इंजिनच जड आहे. हळू फिरतोय आणि करंटही कमी आहे: वाटेत अडथळा आहे किंवा सेल्फचे कार्बन (ब्रश) संपलेत. मोटर जितकी जोरात फिरते तितका तिच्यात विरुद्ध दाब तयार होऊन करंट आटोक्यात राहतो. ती अडली की करंट चढतो. एवढं एक सूत्र माहीत असेल तर निम्मे संशयित पहिल्याच मिनिटात बाहेर पडतात. जुन्या फियाट-अँबॅसिडरच्या काळात समोरून हँडल मारायची सोय होती, आणि इंजिन जड आहे की नाही हे हातालाच कळायचं. आज क्रँकच्या पुलीवर पाना लावून प्लग काढलेलं इंजिन हाताने फिरवून बघता येतं. फार तर अल्टरनेटरचा आणि एसीचा पट्टा उतरवावा लागतो.

तुर्भ्यात, कोपरखैरण्यात, कळंबोलीच्या ट्रकवाल्यांच्या रांगेत अजून असे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत जे सेल्फ उघडून कार्बन आणि बुश बदलतात, कम्युटेटर लेथवर साफ करून घेतात आणि पूर्ण नव्या सेल्फच्या किमतीच्या लहानशा भागात तो परत देतात. ही माणसं जपायला हवीत. मोठ्या वर्कशॉपात सेल्फ उघडलाच जात नाही, अख्खा बदलला जातो. आणि त्याआधी बॅटरी बदलून झालेली असते.

काही जण मात्र मोजमाप न करता दुसरा मार्ग काढतात: मोठी बॅटरी टाका. ३५ च्या जागी ४५ किंवा ५५ अँपिअर-तासांची. मोठी बॅटरी थोडी कमी झुकते, सेल्फ थोडा बरा फिरतो, गिऱ्हाईक खूश. पण व्होल्ट बारा ते बाराच. ०.०१ ओहमचा गंजका सांधा तिथेच राहतो, त्यातून आता जास्त करंट ढकलला जातो आणि सांधा जास्त तापतो. दोष बरा न करता त्याला रेटून नेणं हे मला बॅटरी विनाकारण बदलण्याहूनही वाईट वाटतं.

आणि मग शेवटचा सल्ला, जो सगळ्यात सहज दिला जातो: ‘गाडीला पंधरा वर्षं झाली ना? काढून टाका आता.’ इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर जे निर्बंध आले, ते तिथल्या हवेसाठीच्या आदेशांतून आले. महाराष्ट्रात खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. एमएच-४३ वाशीला, एमएच-४६ पनवेलला, असंख्य गाड्या या रांगेतून गेल्या आहेत. धूर सोडणारी, ब्रेक न लागणारी गाडी रस्त्यावर नको, यात वाद नाही. पण सेल्फ जड फिरणं हे गाडीच्या वयाचं लक्षण नाही. एक गंजलेली पट्टी बदलून जी गाडी ठीक होते, ती भंगारात काढायला सांगणारा माणूस मालकाला लाखाच्या खर्चात ढकलतो.

बॅटरी उगाच बदलण्याचा भार पैशांपुरता नसतो. तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिसं असतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, ते योग्यच आहे. पण जी अजून दोन वर्षं चालली असती ती बॅटरी वितळवायला पाठवण्यात कसलं पर्यावरण जपलं जातं? आणि त्यातली जी किलोच्या भावाने भलत्याच भट्टीत जाते, तिचं शिसं कुणाच्या तरी अंगणात उतरतं.

मेकॅनिकच्या बाजूचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण पटतं. ते म्हणतात: मीटर लावून अर्धा तास तपासलं आणि शेवटी नट आवळून दिला, तर गिऱ्हाईक विचारतं, ‘नट आवळायचे तीनशे रुपये?’ बॅटरी विकली तर चार हजार देताना तोच माणूस एक शब्द बोलत नाही. हे खरं आहे आणि हा दोष आपला, गाडीमालकांचा आहे. वस्तू हातात पडली की आपण पैसे देतो, ज्ञानाचे द्यायला नको म्हणतो. म्हणून निदानाचे पैसे वेगळे द्या, आनंदाने द्या, आणि त्या बदल्यात बिलावर चार आकडे लिहून मागा: स्थिर व्होल्टेज, सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज, पॉझिटिव्ह बाजूला पडलेले व्होल्ट, अर्थच्या बाजूला पडलेले व्होल्ट. जो हे लिहून देतो त्याच्याकडून बॅटरी घ्यायला माझी हरकत नाही. खुंटीवरच ९.६ च्या खाली आकडा गेला असेल, बॅटरी रात्रभर चार्ज करूनही तसाच जात असेल आणि क्लॅम्प मीटरवर सेल्फचा करंट नेहमीइतकाच असेल, तर ती खुशाल बदला.

‘आम्हाला कुठे मीटर वापरता येतो’ ही तक्रारही टिकत नाही. घरात जंपर केबल असेल तर दुसऱ्या गाडीचीसुद्धा गरज नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, सैल कपडे आणि हात पंख्यापासून लांब. केबलच्या काळ्या तारेचं एक टोक आपल्याच बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरं इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला. लाल तारेला हातही लावायचा नाही. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, पाच सेकंदांहून जास्त नाही. इंजिन एकदम झपाट्याने फिरलं, तर बॅटरी चांगली आहे आणि अर्थ खराब आहे. दहा-बाराचे पाने घेऊन आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, मग ती पट्टी काढा, दोन्ही टोकांचा रंग आणि गंज खरवडून चकचकीत धातू दिसू द्या, पट्टी आतून काळी पडली असेल तर जाड नवी टाका, आणि पुन्हा सेल्फ मारून बघा. बॅटरीवाल्याला फोन त्यानंतर.